थंडीत इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी लवकर का उतरते? जंगलरस्त्यावर निघण्याआधी हे वाचा

चंद्रपूर/गडचिरोली : डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या आसपास आला की इलेक्ट्रिक दुचाकीवाल्यांची एकच तक्रार सुरू होते, 'बॅटरी लवकर उतरते'. गाडी बिघडली समजून काहीजण थेट शोरूम गाठतात. बहुतेक वेळा बिघाड नसतो, थंडी असते.

लिथियम बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. भरलेली वीज कुठे जात नाही, पण पूर्ण बाहेर येत नाही. ऊन वर आले की तीच बॅटरी पुन्हा नीट चालते. त्यात थंडीने टायरची हवाही थोडी कमी होते, गाडी जड चालते. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधीच तपासावी.

शहरात याने फारसे अडत नाही. आपल्याकडे अडते. आलापल्लीहून भामरागड 60 किलोमीटरहून जास्त, मधे जंगल. पेट्रोल संपले तर गावातल्या किराणा दुकानात बाटलीभर मिळून जाते. चार्ज बाटलीत मिळत नाही. वाघ-अस्वलाचा वावर असलेल्या रस्त्यावर संध्याकाळी गाडी ढकलत नेणे म्हणजे जिवाशी खेळ. कंपनी सांगते ती रेंज ठरावीक चाचणीतली असते. डबलसीट, सामान आणि पहाटेची थंडी असेल तर आपल्या रोजच्या अनुभवातल्या रेंजमधूनही पाचवा हिस्सा वजा धरूनच निघावे.

सोपा उपाय चार्जिंगच्या वेळेत आहे. संध्याकाळी भरून रात्रभर अंगणात दवात उभी ठेवण्यापेक्षा, निघण्याच्या थोडे आधी चार्जिंग पूर्ण होईल असे बघावे, म्हणजे बॅटरी कोमट असते. अर्थात रात्री लाइन जाणाऱ्या गावात हे जमेलच असे नाही. तिथे गाडी निदान पडवीत, आडोशाला घ्यावी. काढता येणारी बॅटरी घरात आणावी, पण झोपायच्या खोलीत किंवा दारातच चार्जिंगला लावू नये. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. आणि बॅटरी गरम करायला चूल किंवा शेकोटीजवळ ठेवणे हा तर शुद्ध वेडेपणा.

शून्य अंशाखाली चार्जिंग केले तर बॅटरीचे कायमचे नुकसान होते, हे खरे. पण तो लडाखचा प्रश्न, आपल्याकडे पारा तिथवर उतरत नाही.

मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या कुटुंबांची गाडी मात्र दोन-तीन महिने उभीच राहते. अशा वेळी लिथियम बॅटरी फुल्ल करून ठेवू नये, रिकामी तर नाहीच. निम्म्याच्या थोडी वर ठेवावी, मेन स्विच बंद करावा. उभ्या गाडीचाही चार्ज हळूहळू उतरतो, म्हणून महिन्यातून एकदा घरच्या कोणाला तरी बघायला सांगावे. जुन्या, लेड-ॲसिड बॅटरीच्या स्कूटरचे उलटे आहे. ती पूर्ण भरून ठेवावी आणि दर महिन्याला पुन्हा भरावी.

गाडी धानाच्या पोत्यांशेजारी लावू नये. धानाला उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. टिनाच्या शेडमध्येही नको, कारण मजूर परत येईपर्यंत ऊन तापलेले असते, आणि चंद्रपूरचा उन्हाळा बॅटरीला थंडीपेक्षा कितीतरी जास्त मारतो.