टॉवेल कमरेला बांधणारा पुढारी

बायबलमध्ये नेतृत्वावर वेगळा ग्रंथ नाही. मेंढपाळ, राजे, संदेष्टे, मासेमार अशा माणसांच्या कथांतून तो विषय उलगडत जातो. या कथांतून ख्रिस्ती परंपरेने घेतलेला बोध असा की, पुढारी होणे म्हणजे लोकांचा भार उचलणे. मुंबईच्या उपनगरांत, मरोळच्या जुन्या गावठाणापासून बोरिवलीच्या आयसी कॉलनीपर्यंत, चर्चच्या रोजच्या कारभारात हा बोध आजही दिसतो.

पहिला धडा काम वाटून देण्याचा. ‘निर्गम’च्या १८व्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच निवाडे करतो आणि लोक ताटकळत उभे असतात. अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील, असे त्याचा सासरा इथ्रो त्याला सुनावतो. विश्वासू आणि लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवडून त्यांना हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नेमावे, अवघड प्रकरणे तेवढी स्वतः पाहावीत, असा त्याचा सल्ला. मोशे तो मानतो. मुंबई महाधर्मप्रांतातील लहान ख्रिस्ती समुदायांची रचना याच वळणाची आहे. पॅरिशमधील, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील, काही इमारती किंवा एखादी वाडी मिळून एक समुदाय होतो. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी अडचण आहे, हे शेजारच्यांना आधी कळते आणि त्यांच्यामार्फत फादरपर्यंत पोहोचते.

दुसरा धडा नहेम्याचा. पर्शियाच्या राजाचा हा प्यालेबरदार इसवी सनपूर्व पाचव्या शतकात यरुशलेमला आला. त्याने आधी रात्री फिरून पडलेला तट पाहिला, मग लोकांना हाक दिली. सोनार, अत्तरवाले, व्यापारी कामाला लागले. शल्लूम नावाचा अधिकारी आपल्या मुलींसह राबला. अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला आणि ५२ दिवसांत तट उभा राहिला. लोकांवर आधीच बोजा होता, म्हणून नहेम्याने सुभेदाराचा हक्काचा भत्ता १२ वर्षे घेतला नाही. दारासमोरचे काम आपले मानण्याची ही वृत्ती मुंबईतील मूळच्या ख्रिस्ती ईस्ट इंडियन समाजाच्या गावठाणांतील क्रुसांपाशीही दिसते. १८९६च्या प्लेगच्या साथीत रहिवाशांनी असे अनेक क्रूस उभारले. त्यांची रंगरंगोटी, फुले, दिवाबत्ती आजही आसपासची घरे पाहतात आणि मे महिन्यात तिथे जपमाळेची प्रार्थना होते.

तिसरा धडा जाब देण्याचा. दावीद राजाने बथशेबेसाठी तिच्या नवऱ्याला रणांगणात मरायला पाठवले. तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली आणि तो माणूस तूच, असे तोंडावर म्हटले. दावीदाने नाथानाला शिक्षा केली नाही. अपराध कबूल केला. अधिकारावरचा हा अंकुश कॅथलिक चर्चने नियमांतही आणला आहे. १९८३च्या धर्मकायद्यानुसार प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थसमिती असावीच लागते आणि तिच्यात प्रापंचिक सभासद बसतात.

चौथा धडा सेवेचा आणि तोच बाकी तिन्ही धड्यांचा पाया आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू उठतो, कमरेला टॉवेल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या काळी हे काम घरातल्या दासाचे. पेत्र संकोचाने नको म्हणतो, तरी येशू ऐकत नाही. तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत, असे सांगतो. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी उपनगरांतील चर्चमध्ये हाच प्रसंग होतो. धर्मगुरू झगा उतरवून गुडघे टेकतो, एकेकाच्या पावलावर पाणी ओततो आणि टॉवेलने पाऊल पुसतो. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलल्यापासून या विधीत स्त्रियांनाही अधिकृतपणे स्थान मिळाले.

हाउसिंग सोसायटी असो, मंडळ असो की शाळेची समिती, पद स्वीकारणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा. ज्याला खाली वाकता येते, त्याच्याच हाती अधिकार शोभतो.