औषध एकच, यकृतातील विकर वेगळे, मेंदूतील वेगळे

बेंगळुरू : गोळी तीच, मात्रा तीच, रक्तातील औषधाचे प्रमाणही जवळपास तेवढेच, तरीही एका रुग्णाला गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही. मनोविकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हा अनुभव नवा नाही. यामागच्या अनेक कारणांपैकी एक कारण खुद्द मेंदूत दडलेले असू शकते. त्याचा शोध १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजेच निम्हान्समध्ये, डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केला.

पी-४५० म्हणजे काय?

पोटात गेलेल्या बहुतेक औषधांवर यकृतातील 'सायटोक्रोम पी-४५०' या विकरांची प्रक्रिया होते. कार्बन मोनॉक्साइडशी संयोग झाल्यावर ही विकरे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात. त्यावरून हे नाव पडले. मानवात या कुटुंबाची ५७ कार्यक्षम जनुके आहेत. औषधाचे रूप बदलून ते शरीराबाहेर टाकण्याजोगे करणे हे या विकरांचे एक मुख्य काम. मात्र काही वेळा रूपांतरित औषध मूळ औषधापेक्षाही प्रभावी ठरते.

ही विकरे मेंदूतही असल्याचे निम्हान्समधील संशोधनातून दिसून आले. उंदीर-घुशींबरोबरच मृत्यूनंतर मिळालेल्या मानवी मेंदूच्या ऊतींचाही अभ्यास झाला. यकृताच्या तुलनेत मेंदूतील प्रमाण अल्प असते. पण ते सर्वत्र सारखे विखुरलेले नसून विशिष्ट चेतापेशींमध्ये एकवटलेले आढळते. त्यामुळे औषध जिथे परिणाम साधते, तिथेच त्याचे रूपही बदलू शकते. रक्ताच्या तपासणीत याचा पत्ता लागत नाही.

चिंताविकारावरील अल्प्राझोलम या औषधाचे उदाहरण बोलके आहे. याच संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, यकृतात या औषधापासून मुख्यतः कमी प्रभावी पदार्थ तयार होतो, तर मेंदूत प्रभावी पदार्थ अधिक तयार होतो.

निकामी जनुकाचे कोडे

हा फरक का पडतो? जनुकाचा संदेश वापरण्यापूर्वी पेशी त्यातील काही तुकडे गाळते आणि उरलेले जोडते. ही जोडणी मेंदूत वेगळ्या प्रकारे झाली, तर त्याच जनुकापासून विकराचे वेगळे रूप तयार होऊ शकते.

'२डी७' हे जनुक एका अक्षराच्या बिघाडामुळे निकामी मानले जात होते. काही व्यक्तींमध्ये मात्र हे जादा अक्षर गळालेले असते आणि विस्कटलेला संदेश पुन्हा जुळतो. अशा व्यक्तींच्या मेंदूत एरवी गाळला जाणारा तुकडा अंशतः राखून एक कार्यक्षम विकर तयार होते आणि ते कोडीनचे मॉर्फीनमध्ये रूपांतर करते, असे रवींद्रनाथ व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री'त मांडले. कोडीनची वेदनाशामक शक्ती मुख्यतः मॉर्फीनमुळेच असते. यकृतात हे रूपांतर '२डी६' हे विकर करते.

या दाव्यावर एकमत झाले नाही. २००५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी '२डी७' पासून खरोखर कार्यक्षम प्रथिन तयार होते का, असा प्रश्न उपस्थित केला. मेंदूत पी-४५० विकरे असतात, ही मूळ गोष्ट मात्र जगभरातील इतर प्रयोगशाळांच्या कामातूनही पुढे आली आहे.

रुग्णासाठी अर्थ

विकरातील लहानसा फरकही जिवावर बेतू शकतो. ज्यांच्या शरीरात '२डी६' अतिवेगाने काम करते, त्यांना कोडीनची नेहमीची मात्राही घातक ठरू शकते. अशा घटनांनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना वेदना किंवा खोकल्यासाठी कोडीन देऊ नये, असे स्पष्ट केले.

रवींद्रनाथ यांना १९९६ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. मनोविकारांवरील औषध ठरवताना यकृत आणि रक्ताबरोबर मेंदूतील चयापचयाचाही विचार करावा लागेल, हा या संशोधनाचा सांगावा आहे. तोवर गुण येत नाही म्हणून रुग्णाने स्वतःहून मात्रा वाढवू नये किंवा औषध बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांवर सोपवणेच हिताचे.