कचरा वेगळा करणे हेही आरोग्यरक्षणच

जानेवारी 2016 मध्ये मुंबईतील देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला मोठी आग लागली. गोवंडी, मानखुर्द, चेंबूर भागांत धूर पसरला. महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशी आग का लागते? उष्टे-खरकटे, भाजीचा पाला प्लास्टिकसोबत ढिगाखाली दबतो, हवा न मिळता कुजतो आणि त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो. म्हणजे आगीचे कारण आपल्या घरातल्या एकाच डब्यापासून सुरू होते.

वस्तीतही तेच. प्लास्टिकच्या पिशव्यांनी गटार तुंबते. टायर, करवंट्या, फुटके डबे यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात. खरकट्यावर उंदीर वाढतात. त्यांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून पायाला जखम असताना चाललो, तर लेप्टो होऊ शकतो. कचरा पेटवणे हाही उपाय नव्हे. प्लास्टिकचा विषारी धूर लहान मुले, गरोदर बाया आणि दम्याचे रुग्ण यांना सर्वाधिक बाधतो.

कोरडा कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, बाटल्या भंगारात विकल्या जातात, पुन्हा वापरात येतात. खरकट्यात भिजलेल्या कागदाला मात्र भाव नाही.

हा कचरा हाताने निवडते कोण? बहुतेक ठिकाणी आपल्याच समाजातल्या आयाबहिणी. जातीने लादलेली घाणीची कामे सोडा, हे बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले. पोटासाठी आज हे काम करणाऱ्या बाईला निदान सन्मान आणि सुरक्षितता मिळालीच पाहिजे. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. संघटित झाल्यामुळेच तिथल्या कचरावेचकांना ओळखपत्रे मिळाली, आणि पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली. 2016 च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांची दखल घेतली होती.

आपण घरी एवढे करू या :

1. ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे वेगळे ठेवू. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून सुक्यात टाकू.

2. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात घट्ट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढू.

3. इन्सुलिनची सुई, ब्लेड झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत बंद करून वेगळे देऊ. उघडी सुई टोचली तर कावीळ-ब, एचआयव्हीचा धोका असतो.

4. पाण्याचे पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून घासू.

5. कचरा वेचणाऱ्या घरातील व्यक्तीने हातमोजे, बूट वापरावेत, धनुर्वाताची लस घ्यावी. सुई किंवा पत्रा लागल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

घंटागाडी वस्तीत येत नसेल, तर रविवारी विहारात वंदनेनंतर सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसला अर्ज देऊ. स्वच्छ वस्ती हा आपला हक्क आहे. वेगळा केलेला कचरा हे त्या हक्कासोबतचे आपले कर्तव्य आहे.