जर्मनीची घाई आणि चाकणची गॅस लाइन

विल्हेल्म्सहाफेन (जर्मनी) :

चाकणला फोक्सवॅगनच्या किंवा मर्सिडीजच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना जर्मनांचा कागदांचा सोस काही नवा नाही. जर्मनीत मोठी गॅसवाहिनी टाकायची तर नकाशे आणि अहवाल महिनाभर लोकांपुढे ठेवायचे, हरकती घ्यायच्या, त्यांवर सुनावणी करायची आणि शेवटी प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर द्यायचं, असा रिवाज. त्यात वर्षं जातात. २०२२ साली रशियाने गॅसचा नळ आवळला आणि या सबुरीच्या देशाला घाई सुटली.

या बंदरात द्रवरूप वायू उतरवण्याच्या धक्क्याचा पहिला खांब ५ मे २०२२ रोजी ठोकला गेला. त्यासाठीचा खास कायदा अमलात आला १ जूनला, म्हणजे आधी खांब, मग कायदा! अशा निकडीच्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासातून सूट मिळाली, कागद पाहायची मुदत महिन्यावरून आठवड्यावर आली. इथून एट्झेलपर्यंतची २६ किलोमीटरची वाहिनी काही महिन्यांत जमिनीखाली गेली आणि १७ डिसेंबरला तेव्हाचे चॅन्सेलर शोल्झ उद्घाटनाला हजर झाले.

या वेगाचं कौतुक आपल्याकडेही झालं. मला ते अर्धंच पटतं. धक्क्याला लावलेल्या जहाजात समुद्राच्या पाण्याच्या उबेवर वायू मोकळा करतात. त्या नळ्यांत शिंपले वाढू नयेत म्हणून पाण्यात क्लोरीन तयार करतात आणि ते पाणी परत खाडीत सोडतात. शेजारीच युनेस्कोच्या यादीतला वाडन समुद्र आहे. अभ्यास टाळला म्हणून क्लोरीन थोडंच टळतं! पर्यावरण संघटना डॉइचे उमवेल्टहिल्फे वाहिनीच्या परवान्याविरुद्ध लाइपझिगच्या केंद्रीय प्रशासकीय न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये हरली. हरली, पण दाद मागायला जागा होती.

आता पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगावकडे पाहू. तिथे घरांना, पंपांना आणि कारखान्यांना गॅस पुरवते गेल आणि भारत पेट्रोलियमने उभी केलेली महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड. भट्टीत फर्नेस ऑइलऐवजी गॅस जळला तर धूर कमी होतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. कुठल्या भागात कोणी गॅस पुरवायचा ते दिल्लीचं नियामक मंडळ ठरवतं. रस्त्याखाली नळी घालायला खोदाईची परवानगी घ्यावी लागते. पर्यावरण मंजुरी मात्र २००६ च्या अधिसूचनेनुसार वाहिनी अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून किंवा तशा संवेदनशील क्षेत्रातून जाणार असेल तरच लागते. चाकणच्या रस्त्याखाली तो प्रश्नच येत नाही. लोकांना वाहिनीची पहिली खबर जेसीबी देतो.

शेतातून जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांसाठी १९६२ चा कायदा आहे. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते. मात्र त्या पट्ट्यात घर नाही, विहीर नाही, झाड नाही, आणि त्याबद्दल बाजारभावाच्या दहा टक्के भरपाई. हरकतीला २१ दिवस मिळतात. घाईतल्या जर्मनीने दिले त्याहून हे जास्तच, पण ही हरकत जमिनीत हितसंबंध असलेल्यालाच घेता येते. पट्ट्यापलीकडे राहणाऱ्याला त्यात स्थान नाही.

एवढ्या घाईतही जर्मनांनी २०२२ च्या त्या खास कायद्यात एक तारीख घालून ठेवली : अशा धक्क्यांवर खनिज वायू ३१ डिसेंबर २०४३ पर्यंतच उतरवता येईल. भारतानेही २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. चाकणमधल्या खोदाईच्या परवानगीशी अजून त्याची गाठ पडलेली नाही.