शाळेची भाषा आणि ‘मागे पडणारा’ विद्यार्थी

मेळघाटातील कोरकू मूल पहिलीच्या वर्गात येते तेव्हा ते भाषाहीन नसते. त्याची भाषा शाळेची नसते, एवढेच. तथापि ‘अप्रगत’ हा शेरा त्याच्या नावापुढे लवकर पडतो, आणि शाळा सुटण्याचा धोका तेथूनच सुरू होतो. तो शेरा बुद्धीविषयी आहे की भाषेविषयी, हे क्वचितच तपासले जाते.

कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, तर मराठी आर्यकुळातील. ‘दगड पडला’, ‘भिंत पडली’, ‘घर पडले’ या वाक्यांत मराठी भाषक मुलाला काहीच अवघड वाटत नाही. कोरकूच्या व्याकरणात महत्त्वाचा भेद सजीव-निर्जीवाचा आहे; निर्जीव वस्तूंची तीन लिंगांत वाटणी करण्याचे तिला कारण पडत नाही. (उलट मराठीत नसलेले द्विवचन तिने जपले आहे.) तेव्हा ‘भिंत पडला’ म्हणणारे मूल वेंधळेपणाने चुकत नाही; ते आपल्या भाषेच्या नियमाने चालत असते. अशी चूक सुधारावयाची ती नियम उलगडून, लाल शाईने नव्हे.

याहून फसवी अवस्था पुढे येते. संभाषणाची भाषा आणि अध्ययनाची भाषा हा भेद जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला. कॅनडातील स्थलांतरित मुलांच्या अभ्यासावरून पहिली सुमारे दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांनी दाखविले. मेळघाटातही चौथीतले मूल अंगणात मराठीत भांडू लागले की भाषेचा प्रश्न मिटला असे शिक्षकास वाटते, आणि साहाय्य थांबते. नेमके त्याच सुमारास पाठ्यपुस्तकात ‘बाष्पीभवन’ आणि लांब कर्मणी वाक्ये अवतरतात. आता आलेल्या अपयशाचे खापर बुद्धीवर फुटते.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३५०-अ मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीची अपेक्षा आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही तेच सांगतो, मात्र ‘शक्य तेथवर’ असे म्हणून. पळवाट याच दोन शब्दांत आहे.

कोरकू जाणणारा साहाय्यक पहिली-दुसरीपुरता ठेवून भागत नाही. त्याची गरज पाचवी ते सातवीत अधिक. विज्ञानातील संकल्पना आधी कोरकूत बोलून घेऊन मग मराठीत लिहविणे, हा मार्ग खर्चाचाही नाही. महाविद्यालयात हीच अडचण उत्तरपत्रिकेत दिसते. पहिल्या सत्रात दोन छोटे लेख तपासून परत दिले, आणि आशयाचे व भाषेचे गुण वेगळे मांडले, तर विद्यार्थी कोठे अडला आहे हे परीक्षेपूर्वीच कळते.