सुताचें कोरडें वजन

सोलापूरची चादर विणणारा सूत वजनावर विकत घेतो. आणि कापूस तर मोठा लबाड! दमट हवेंत तो पाणी पिऊन जड होतो, कोरड्या हवेंत हलका. मग विणकरानें दाम सुताचे मोजावे कीं पाण्याचे?

प्रयोगशाळेंत नमुना तोलून सुमारें १०५ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत ठेवतात व पुनःपुन्हां तोलतात. वजन घटेनासें झालें कीं ओलावा गेला असें समजावें. १०० ग्रॅम कोरड्या कापसामागें ८.५ ग्रॅम पाणी व्यापारांत ग्राह्य धरतात. त्याहून अधिक निघाल्यास तें हिशेबांत वजा.

मात्र तापलेला नमुना बाहेर काढावा, तों तो पुन्हां हवेंतलें पाणी ओढूं लागतो. म्हणून तोलणें भट्टींतच झालेलें बरें. जपानी शास्त्रज्ञ कोतारो होंडा यांनीं तर १९१५ सालीं भट्टीला तराजूच जोडला. पदार्थ तापत असतांनाच त्याचें वजन वाचतां येऊं लागलें.