जुन्या डिझेल इंजिनाचें तेल

खडकीस १९४६ सालीं किर्लोस्कर ऑईल इंजिन्स स्थापन झाली. तेव्हांपासून पुणें परिसर डिझेल इंजिनें बनवीत आला आहे. तरीही भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत जुन्या टेंपोखालीं तेलाचे थेंब दिसले, कीं मालक म्हणतो, “गळतें तितकें भरतों, मग बदलावयाचें कशाला?”

हा हिशेब फसवा आहे. ज्वलनाची काजळी तेल आपल्यांत तरंगत ठेवतें, म्हणून तें लौकर काळें होतें. काळेपणा हा दोष नव्हे. परंतु काजळी सामावण्याची शक्ति संपली म्हणजे गाळ सांचतो व बेअरिंगें झिजतात. वरून भर घातल्यानें जुनी घाण जात नाहीं. तेल व फिल्टर ठरल्या मुदतींत बदललेच पाहिजेत.

गळती बहुधा कडक झालेल्या गॅस्केटमुळें किंवा सीलमुळें होते. पण प्रथम ब्रीदर तपासावा; तो चोंदल्यास आंतील वायूचा दाब चांगल्या सीलांतूनही तेल बाहेर ढकलतो. इंजिन पुसून थोडें चालवावें व ओल सर्वांत वर कोठें उमटते तें पाहावें. उगम तेथेंच असतो.

न भरतां तेलाची पातळी वाढली, तर त्यांत डिझेल वा पाणी मिसळत आहे असें समजून इंजिन तत्काळ थांबवावें. थेंबांपेक्षां ही खूण अधिक घातक होय.